आजी, व्हिडिओ नाही काढणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांच्या मोबाइलवेडाबद्दल छापून येतं तेव्हा बोट बहुतेक वेळा आईकडे असतं, क्वचित आजी-आजोबांकडे. जेवताना मोबाइल लावून देतात आणि स्वतः मोकळे होतात, वगैरे. त्यात खोटं काही नाही. वरणभाताचे शेवटचे चार घास जावेत म्हणून मीही तो लावून दिलेला आहे. आणि तेही बत्तीस वर्षं बालवाडीत काऊचा घास, चिऊचा घास करत दुसऱ्यांची मुलं जेवू घातल्यानंतर! पण आमच्या घरात रोज संध्याकाळी मोबाइल काढायला लावते ती शाळा, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

नातू साडेचार वर्षांचा, ज्युनियर केजीत. दुपारी चारच्या सुमारास व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ येतो. कधी चित्राची पीडीएफ, कधी यूट्यूबची लिंक आणि आठवड्यातून दोनदा 'ॲक्टिव्हिटी व्हिडिओ'. मुलाने पाच फळांची नावं सांगायची, आपण मिनिटभराचं शूटिंग करून आठच्या आत टाकायचं. सूनबाई बँकेतून येते साडेसातला. म्हणजे हे काम माझं.

पेरू, केळं, चिकू, सफरचंद, डाळिंब असं सगळं ताटात मांडून बसलो. पहिल्या खेपेला त्याने पेरूच चावला. दुसऱ्या खेपेला चिकू सोलायला घेतला, आतली बी काढून सदऱ्याला पुसली आणि म्हणाला, "ही चकचकीत का आहे? कुणी पॉलिश केलं?" बालवाडीत असा प्रश्न आला असता तर मी त्या दिवसाचं वेळापत्रक गुंडाळून ठेवलं असतं आणि सगळ्या वर्गाला बिया गोळा करायला बसवलं असतं. इथे मी म्हटलं, "ते नंतर. आधी इकडे बघून नावं सांग. इंग्लिशमध्ये." सातव्या खेपेला जमलं. मग त्याने स्वतःचा व्हिडिओ चारदा पाहिला, ग्रुपवरचे बाकीच्या मुलांचे पाहिले, आणि त्यानंतर यूट्यूबने आपणहून जे जे पुढे केलं ते. मोबाइल हातातून काढून घेतला तेव्हा नऊ वाजले होते आणि घरात रडारड. बी ताटात तशीच.

परवा तुळशीला पाणी घालायला त्याच्या हातात तांब्या दिला. हा नुसता उभा. म्हटलं, "घाल की." तर म्हणतो, "आजी, व्हिडिओ नाही काढणार?"

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवण्यावाचून इलाज नव्हता, हे मान्य. शाळा उघडून आता वर्षं लोटली, तरी ती सोय काही सुटली नाही. वह्या तपासायला नकोत, झेरॉक्सचा खर्च नको. शिवाय त्यातलेच गोड गोड व्हिडिओ प्रवेशाच्या दिवसांत जाहिरातीला उपयोगी पडतात. याच शाळेने जूनमध्ये 'स्क्रीन टाइम आणि आपले मूल' असं व्याख्यान ठेवलं होतं. झूमवर. 'पाल्यासह उपस्थित राहावे' अशी सूचना होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसल्या जागी दिवसात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं बरं. एक वर्षाखालच्यांना तर अजिबात नको. आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन ते पाच वर्षांसाठी तासाचीच मर्यादा सांगते. आमचा तो तास गृहपाठातच संपतो.

आमच्याच जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये एक गोष्ट करून दाखवली. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही, मोबाइल दीड तास बंद. त्याचं भरपूर कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण तसा भोंगा आमच्या गल्लीत वाजला तर नातवाचा अभ्यासच बंद पडेल, कारण अभ्यासच मोबाइलमध्ये आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं. शाळेत मुलं येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. बिया, शिंपले, पानं, खडे हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य. आम्ही ज्यांनी बालवाडी चालवली त्यांनी कळत-नकळत याच बायकांचं बोट धरलं. महिन्याला हजारो रुपये फी घेणाऱ्या शाळेला पाच चिंचोके जमवणं जड का जावं?

शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. त्याखालची मुलं त्यातून सुटली. म्हणून शिक्षण विभागाला विनंती आहे की पूर्वप्राथमिक वर्गांसाठी एक साधं परिपत्रक काढा. फी, सुट्टी, बसची वेळ पालकांना खुशाल व्हॉट्सॲपवर कळवा. मुलाने करायचं काहीही मोबाइलवरून येऊ नये आणि मुलाचं शूटिंग मागू नये. परगावच्या काकाशी व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं बोलणं वेगळं, त्यावर माझा आक्षेप नाही.

हेच मी आधी शाळेच्या दैनंदिनीत सविस्तर लिहून पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी खाली लाल शाईत शेरा आला: 'कृपया ग्रुपवर टाकावे.'

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सांगली