डोळ्यातला डाग आणि पुढचे तीन महिने

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला ओसीटीचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीचा, फोटो मोठा करून नीट पाहिला. निरोगी डोळ्यात पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, मधोमध एक छोटा खळगा दिसतो. तुझ्या उजव्या डोळ्यात तो खळगा वर उचलला गेलाय आणि त्याच्याखाली घुमटासारखी काळी जागा आहे. ती काळी जागा म्हणजे पाणी. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं 'सीएसआर' (सेंट्रल सीरस रेटिनोपथी), म्हणजे पडद्याच्या मध्यभागाखाली पाणी साठण्याचा आजार, ते हेच. फोनवर तू म्हणालास, "ताणामुळे झालंय म्हणतात, म्हणजे मनाचेच खेळ." तसं अजिबात समजू नकोस. पाणी खरं आहे, त्याची उंची रिपोर्टवर मायक्रॉनमध्ये मोजलेली आहे.

पडद्यामागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा दाट थर असतो. पडदा आणि कोरॉइडच्या मध्ये रंगद्रव्याच्या पेशींची एकच रांग. पडद्याखालचं पाणी उपसून मागे टाकायचं काम तिचं. या आजारात कोरॉइडच्या वाहिन्या फुगतात, झिरपायला लागतात आणि त्या रांगेत कुठेतरी बारीकशी गळती लागते. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की रंगाखाली फुगा धरतो ना, तसा पडदा फुगतो. सततच्या ताणात आणि जागरणात शरीर कॉर्टिसॉल जास्त सोडतं, आणि कॉर्टिसॉल हे शरीराने स्वतः बनवलेलं स्टेरॉइडच आहे. बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडने हा आजार होतो, वाढतो, हे तर पक्कं ठाऊक आहे. तिशी ते पन्नाशीच्या पुरुषांत तो बायकांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. बर्लिनच्या अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८६६ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलंय, तेव्हा तुझ्यावर काही जगावेगळं ओढवलेलं नाही.

तुला मधोमध मळकट वर्तुळ दिसतं, अक्षरं बारीक आणि ओळी वाकड्या दिसतात, लाल रंग विटका वाटतो. हे सगळं त्या फुग्यामुळेच. पडदा पुढे सरकल्यामुळे नंबरही तात्पुरता प्लसकडे झुकतो. म्हणून आत्ता नवा चष्मा करू नकोस, पाणी उतरलं की तो नंबर फुकट जाईल. "साधे ड्रॉपसुद्धा दिले नाहीत" अशी तुझी तक्रार होती. या पाण्यावर ड्रॉपचा उपयोगच नसतो. पहिल्यांदाच झालेला सीएसआर बहुतेकांचा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो, म्हणून वाट बघायला सांगितलंय. मात्र या काळात आपण काय करतो याला महत्त्व आहे.

सगळ्यात आधी घरातलं एकूण एक औषध टेबलावर काढ. स्टेरॉइड म्हणजे फक्त गोळ्या नव्हेत. गजकर्णाची ट्यूब, चेहरा उजळायची क्रीम, सर्दीचा नाकातला स्प्रे, दम्याचा पंप, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, यातलं काहीही कारण ठरू शकतं. ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं डाव्या डोळ्याने वाच: क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, ब्युडेसोनाइड, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन. जिमच्या ओळखीतून मिळालेली पावडर किंवा नाव नसलेली पुडी असेल तर तीही बाजूला काढ, आत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. तुझ्या कपाटातली ती खाजेची ट्यूब मला याच कारणाने खटकते. सगळ्यांचे फोटो काढून रेटिनाच्या डॉक्टरांना दाखव. मात्र स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा दम्याचा पंप कुणी घेत असेल तर तो आपल्या मनाने एकदम थांबवायचा नाही, ज्यांनी दिला त्यांना विचारूनच. गोळ्या अचानक तोडल्या तर शरीर कोलमडू शकतं. आणि डोळा लाल दिसला म्हणून दुकानातून ड्रॉप आणून घालू नकोस, त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं.

दुसरं काम झोपेचं. "ताण घेऊ नकोस" असं मी म्हणणार नाही, असं म्हटल्याने कुणाचा ताण गेलेला नाही. पण रात्री साडेअकराचे परदेशी कॉल हे ठरवून बदलता येतात. डॉक्टरांचं पत्र दाखव आणि तीन महिन्यांसाठी दिवसाची पाळी माग. रोज सात तास झोप, एकाच वेळी उठणं. तू घोरतोस आणि सकाळी डोकं जड असतं, हे डॉक्टरांना आवर्जून सांग. झोपेत श्वास अडकण्याच्या त्रासाचा या आजाराशी संबंध आढळलाय आणि त्याची वेगळी तपासणी होते. डाव्या डोळ्याची पापणी लवते म्हणालास, तिचा या पाण्याशी संबंध नाही. ती थकव्याने आणि चहा-कॉफीने लवते, झोप सुधारली की थांबेल. आजीला त्याचा अर्थ विचारत बसू नकोस.

आता घरची तपासणी. ग्राफच्या कागदावर १० सेंमीचा चौकोन आखून त्यात ५ मिमीवर उभ्या-आडव्या रेघा मार, म्हणजे २० बाय २० घरं होतील. बरोबर मध्ये ठळक टिंब दे. वाचायचा चष्मा लागत असेल तर तो लावून, चांगल्या उजेडात कागद ३० सेंमीवर धर. डावा डोळा तळहाताने झाक, पण दाबू नकोस, दाबला तर नंतर तो डोळा धूसर दिसतो. उजव्याने फक्त टिंबाकडे बघ आणि जिथे रेघा वाकतात किंवा पुसट होतात तिथे पेन्सिलीने कड काढून तारीख लिही. मग उजवा झाकून डावाही तपास. दोन्ही डोळ्यांनी एकदम बघितलंस तर चांगला डोळा दोष झाकून टाकतो, लोक फसतात ते इथेच. आठवड्यातून एकदा, दर वेळी नवा कागद.

कड मोठी झाली, किंवा डाव्या डोळ्यात काही दिसलं, तर तारखेची वाट न बघता दाखव. चमका, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा नजरेत बाजूने काळा पडदा सरकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी, तो वेगळा आजार असतो. चार महिन्यांनीही पाणी राहिलं तर लेझरचे उपाय आहेत. त्याआधी बहुधा हातातून रंग टोचून डोळ्याचे फोटो काढतील. कातडी काही तास पिवळी आणि लघवी दिवसभर नारिंगी होते, घाबरू नकोस. पाणी उतरलं तरी हा आजार पुन्हा येऊ शकतो, म्हणून प्रत्येक ओसीटीची प्रत फाइलला लाव.

रात्री मोटारसायकल सध्या नको. समोरच्या दिव्याने दिपलेला तो डोळा सावरायला जास्त वेळ घेतो आणि अंतराचा अंदाजही चुकतो.

सोबत आखलेले बारा कागद ठेवलेत. पहिली कड या रविवारी काढ आणि फोटो पाठव.

तुझी
आई