खुर्चीवर बसलेलाही सुटत नाही

संपादक महोदय,

विनापरवाना सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लघुउद्योगांवरचा आपल्या अंकातील लेख वाचला. कारवाई झालीच तर ती मालकावर, संगणकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या ऑपरेटरने घाबरू नये, हा त्यातला दिलासा मात्र पटला नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब मालक-नोकर असा भेद करत नाही. प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणारी कोणतीही व्यक्ती त्यात येते. शिक्षा ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात झालेला नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकते. कारखान्याला ती सवलत कुठली मिळायला? कलम ६९ नुसार कंपनीचा कारभार पाहणाराही दोषी धरला जातो, हे खरे. पण म्हणून खुर्चीवर बसलेला सुटत नाही.

मी उद्यमनगरात पॅटर्नची, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून करतात त्या नमुन्याची, ड्रॉइंग संगणकावर करतो. पहिल्या नोकरीत मालकांनी पेनड्राइव्ह हातात देऊन सांगितले होते, "आधी अँटिव्हायरस बंद कर, मग टाक." त्यानंतर 'मला माहीत नव्हते' असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? फौंड्रीवाल्यांकडची (ओतकाम कारखान्यांकडची) बिले महिनोन्महिने थकतात, कॅडचा, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचा, परवाना मालकांना परवडत नाही, हेही मान्य. पण परवान्याची पावती विचारली, तर उत्तर मिळाले, "लई शहाणा झालास काय रं?"

– एक ड्राफ्ट्समन, कोल्हापूर