पंचनाम्यात कारणही नोंदवले जावे : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

मी नंदुरबार येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगासमोर शेतकऱ्यांची प्रकरणे चालवतो, आणि माझे स्वतःचे वावर शहादा तालुक्यात गोमाईच्या काठी आहे. बियाणे उगवले नाही अशा तक्रारींमध्ये शेतकऱ्याजवळ पक्की पावती असते, थैलीवरचा टॅग असतो, नुकसानही कोणी नाकारत नाही. तरीही तो हरतो, कारण नुकसान त्या बियाण्यामुळेच झाले हे त्याला सिद्ध करता येत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये माझ्या शेजारच्या नानांनी चार एकर सोयाबीन पेरले. आठव्या दिवशी दोन एकरांत ओळच दिसेना, तेव्हा आम्ही खुरप्याने तास, म्हणजे पेरणीची ओळ, उकरून पाहिला. जमिनीत ओल नसती तर दाणा कोरडा, जसाच्या तसा सापडला असता. पेरणी खोल गेली असती किंवा वर पापुद्रा धरला असता, तर पांढरा कोंब मातीखाली वाकलेला दिसला असता. आम्हाला सापडलेले दाणे फुगलेले होते, बोटांत धरताच त्यांचा लगदा होत होता, आणि कोंब जवळपास एकालाही नव्हता. वावरात पाणी कुठे साचलेले नव्हते. बांधापलीकडचे दोन एकर त्याच दुपारी, त्याच ट्रॅक्टरने, त्याच पेरणी यंत्राने पेरलेले होते, फक्त थैल्या दुसऱ्या लॉटच्या, म्हणजे बियाण्याच्या वेगळ्या खेपेच्या, होत्या. तिथे पीक हिरवेगार उभे होते.

तक्रार त्याच दिवशी दिली. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती बाविसाव्या दिवशी आली. तोवर नानांनी वखर फिरवून दुबार पेरणी केली होती, कारण वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, कोणासाठी थांबत नाही. दुसऱ्या लॉटचे पीक मात्र तेव्हाही डोळ्यांसमोर उभे होते. ते लिहून घ्या, अशी विनंती मी केली, तेव्हा नमुन्यात तसा रकाना नाही असे उत्तर मिळाले. पंचनाम्यात शेवटी लिहिले गेले ते असे की, उगवण कमी आढळली असून ती बियाणे, ओलावा अथवा पेरणीची खोली यांपैकी कोणत्याही कारणाने संभवते. तक्रार फेटाळली गेली ती या एका वाक्यावर.

कारण सिद्ध करण्याची अटच काढून टाका, असे माझे म्हणणे नाही, कारण ती अट न्याय्य आहे. लंडनमध्ये १९६६ साली चहा पिल्यानंतर उलट्या होऊ लागलेल्या एका पहारेकऱ्याला रुग्णालयातील डॉक्टरांनी न तपासताच घरी पाठवले आणि तो दगावला. डॉक्टरांची कसूर न्यायालयाने मान्य केली, तरीही पत्नीचा दावा फेटाळला, कारण चहात आर्सेनिक होते आणि वेळेत तपासले असते तरी तो वाचला नसता. चूक झाली नसती तर नुकसान टळले असते का, हा प्रश्न बियाणे कंपनीच्या बाजूनेही विचारलाच पाहिजे. आपल्याकडे हरियाणा सीड्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या २००५ च्या प्रकरणात तज्ज्ञांच्या अहवालाने पाण्याची प्रत, पावसाचा खंड, पेरणीची पद्धत अशी कारणे पुढे केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याच्या विरुद्ध निकाल दिला.

परंतु या प्रश्नाचे उत्तर ज्या पुराव्यात असते, तो शेतकऱ्याच्या हाती नसतो. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शेतकरी बियाणे पेरण्यासाठी घेतो, प्रयोगशाळेत पाठवण्यासाठी त्यातले मूठभर बाजूला ठेवील अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. एखादी वस्तुस्थिती विशेषकरून ज्याच्या माहितीतली आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १०६ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम १०९ मध्ये आहे. लॉटच्या उगवण चाचणीची नोंद कंपनीकडे असते आणि त्याच लॉटच्या सीलबंद थैल्या दुकानात किंवा गोदामात असतात. इतके असूनही प्रत्यक्ष सुनावणीत सगळे येऊन थांबते ते पंचनाम्यावर, आणि त्यात कारणच नसेल तर शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते हे आयोगाने कशावरून ठरवावे?

म्हणून माझी मागणी पंचनाम्यापुरतीच आहे. तक्रार आल्यापासून चार दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत दुबार पेरणीच्या आधी, समितीने वावरात यावे. किमान पाच ठिकाणी तास उकरून दाण्याची अवस्था लिहावी आणि तिचे छायाचित्र जोडावे. त्याच शेतकऱ्याकडे किंवा शेजाऱ्याकडे दुसऱ्या लॉटचे पीक असेल तर त्याची उगवण स्वतंत्र रकान्यात यावी. माझ्या मते हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पाऊस आणि जमीन तीच असताना केवळ लॉट बदलल्याने उगवण बदलली, तर पुष्कळसे उत्तर तिथेच मिळते. त्याच लॉटची सीलबंद थैली त्याच दिवशी ताब्यात घेऊन तपासणीस पाठवावी. सोयाबीनची उगवण चाचणी आठ दिवसांत पूर्ण होते आणि किमान ७० टक्के उगवणीचे प्रमाण ठरलेले आहे, त्यामुळे उशिराला सबब उरत नाही. महसूल मंडळातील महावेध या स्वयंचलित हवामान केंद्राची पावसाची नोंदही सोबत लावता येईल.

बियाणे निर्दोष असेल, तर हाच पंचनामा कंपनीलाही खोट्या आरोपातून सोडवील. बियाण्यातला दोष आणि ओलावा किंवा पेरणीसारखे दुसरे कारण मिळून नुकसान झाले असेल, तर कोणाचा वाटा किती हे ठरवायलाही आयोगाला आधार मिळेल.

हे सारे एका परिपत्रकाने करता येण्याजोगे आहे, आणि ते येत्या मृगापूर्वी निघावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सुचवलेल्या पंचनाम्याचा नमुना, आणि नानांच्या संमतीने त्यांच्या पंचनाम्याची प्रत, सोबत जोडली आहे.

आपला विनम्र,
शहादा तालुक्यातील एक वकील व शेतकरी