आत्याचं दूध तोडू नका

वाखेनिंगन, नेदरलँड्स

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण कपडे पुरेसे आहेत, जेवणाची आबाळ नाही. आत्याच्या कर्करोगाच्या ऑपरेशनला मी नव्हते, म्हणून ती रागावली नाही ना?

आता दुधाचं. 'दुधातल्या प्रथिनानं गाठ वाढते' हा मेसेज वाचून तुम्ही आत्याचं दूध, दही, ताक सगळं बंद केलंत. बाबा, 'तू दुधावरच शिकतेस, तुला कसं माहीत नाही' असं म्हणालात. माहीत आहे. मुळात त्या मेसेजमागचा प्रयोग आपल्या हैदराबादचाच. १९६८ साली माधवन आणि गोपालन या शास्त्रज्ञांनी उंदरांना अफ्लाटॉक्सिन दिलं, म्हणजे शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष. ज्यांच्या खाण्यात २० टक्के केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, होतं, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या यकृतात गाठी झाल्या. ५ टक्केवाल्यांना झाल्या नाहीत. पुढे अमेरिकेत कॉलिन कॅम्पबेल या आहारशास्त्रज्ञांनी तेच धरून वर्षानुवर्षं काम केलं. मेसेज इथेच थांबतो. कमी प्रथिनं मिळालेल्या उंदरांच्या यकृताला त्या विषाची इजा जास्त होते, हे त्यात नाही. गव्हाच्या प्रथिनानं गाठी तशा वाढल्या नाहीत, पण त्यात लायसिन हा प्रथिनांचा एक घटक मिसळल्यावर वाढल्या, हेही नाही. म्हणजे दोष एकट्या दुधाचा नाही. शिवाय दूध फाटल्यावर जे पाणी उरतं, त्यातल्या प्रथिनांनी उंदरांच्या काही प्रयोगांत गाठी कमीच झाल्या.

माणसांचं म्हणाल, तर दूध पिणाऱ्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी होतो असं दिसतं. प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीच्या कर्करोगाबाबत थोडी शंका आहे, ती मी लपवत नाही. पण आत्याचा आजार तो नाही. केमोत वजन घटणं जास्त वाईट. दर किलो वजनामागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. मोठ्या पेलाभर दुधात आठेक ग्रॅम मिळतात. ती मटण-अंडी खात नाही, मग आणणार कुठून? दूध नीट उकळून द्या. घरच्या विरजणाचं मात्र डॉक्टरांना विचारा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर ते थांबवायला सांगतील.

इथली माणसं तर दुपारी दूधच पितात! जेवण म्हणजे गार ब्रेड, चीज आणि पेलाभर दूध, नाहीतर ताक. ताक म्हणजे मीठ नाही, जिरं नाही, हिंग नाही. खोक्यातून ओतायचं आणि तसंच प्यायचं. आमच्या प्रोफेसरीणबाई साठीच्या, त्याही ब्रेडला लोणी लावून वर चॉकलेटची बारीक शेव भुरभुरवतात. आई, लहान मुलांसाठी नव्हे, स्वतःसाठी! गरम काही दुपारी खायचंच नाही, ते संध्याकाळी सहाला. मी डबा गरम करते तेव्हा सगळे वास घ्यायला येतात. तेव्हा मी उपाशी राहते ही काळजी सोडा.

आत्यासाठी मी पैसे पाठवलेत. आत्याला माझे म्हणून सांगू नका, घेणार नाही. तिकिटासाठी ठेवले होते, पण तिकीट काय, नंतरही काढता येईल. कराडच्या मुलाशी फोनवर बोलेन. फक्त त्यांना आत्याचा आजार आधी सांगा, लपवून काही ठरवू नका. आणि आत्या बरी होईपर्यंत लग्नाची तारीख काढायची नाही.

तुमची,
मनू