सोंग डिझेलचे, मथळा वाफेचा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान 5वर ‘माथेरानला वाफेचे इंजिन परतले’ असा मथळा आहे. अहो, परतलेय ते डिझेलच! त्याच्यावर पत्र्याचे धुराडे आणि बॉयलरचा गोल आकार चढवलाय, इतकेच. बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून देवांची सोंगे नाचवतात त्या उत्सवात, गणपतीचे सोंग घेतलेल्याला कुणी खरा गणपती समजत नाही.

‘डिझेल आले आणि वाफ गेली’ हे बातमीतले वाक्यही चूक. नेरळ-माथेरान मार्गावर डिझेल आले 1950च्या दशकात, वाफ मात्र 1980च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत धावत होती. म्हणजे पंचवीसेक वर्षे दोन्ही एकाच रुळावर होती. वाफेला घालवले ते तिच्या उस्तवारीने. गार इंजिन पेटवल्यापासून गाडी ओढण्याइतका दाब यायला तीन-चार तास. फेरी करून आल्यावर राख काढा, धूरपेटी झाडा, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवा. नाही धुतला तर गाळ तळाला बसतो आणि पत्रा जळतो. शिवाय चढ 1:20चा, म्हणजे 20 मीटरला 1 मीटर! बॉयलर तीन मीटर लांब धरला, तर पाणी एका टोकाला दुसऱ्यापेक्षा 15 सेंटीमीटर जास्त चढते. दुसऱ्या टोकाला फायरबॉक्सचे (आगीच्या पेटीचे) छत पाण्याबाहेर उघडे पडले, तर त्यातला शिशाचा प्लग वितळून वाफ थेट आगीवर येते आणि गाडी जागच्या जागी बसते. म्हणून पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर सतत डोळा. वाटेत पाणी भरायचे ते वेगळेच. स्टेशनाचे नावच ‘वॉटर पाइप’! डिझेलला स्टार्टर दिला आणि हवेचा दाब झाला की निघा.

बरे, फोटो तरी माथेरानचा छापायचा! तो दार्जिलिंगचा आहे. चार चाके, आणि पुढे रुळावर वाळू टाकणारा माणूस बसलेला. नेरळची ऑरेन्स्टाइन अँड कोपेलची चारही इंजिने सहा चाकी होती. त्यांचे पुढचे-मागचे आस (अ‍ॅक्सल) पोकळ, आत भरीव आस आणि मध्ये गोळ्याचा सांधा. त्यामुळे वळणावर ती चाके आपसूक तिरकी होत. यालाच क्लाइन-लिंडनर रचना म्हणतात. दार्जिलिंगच्या इंजिनांत ही करामत नाही.

एवढे छापायला जागा नसेल तर निदान फोटोची चूक तरी दुरुस्त करावी. आणि हो, त्याच पानावरच्या शब्दकोड्यात आडवा 7 आणि उभा 3 यांचे अक्षर जुळत नाही.

— एक वाचक, कर्जत