उन्हाळी टॉनिकच्या लेबलवर आकडे हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च लागला की दूध संकलन केंद्रांवर आणि पशुऔषधांच्या दुकानांत ‘उन्हाळी टॉनिक’च्या, म्हणजे जनावरांना पाजायच्या जीवनसत्त्वांच्या, बाटल्या दिसू लागतात. दूध दोन-तीन लिटरने उतरले की पशुपालक पहिला खर्च त्यावरच करतो. जीवनसत्त्वांचा उन्हाळ्यात उपयोग नाही असे आमचे म्हणणे नाही. पण कोणते, किती आणि कोणत्या गायीला, हे ठरवून दिले तरच तो होतो, आणि नेमकी हीच माहिती बाटलीवर धड नसते.

होल्स्टीन संकरित गायीला २५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेपासूनच ताण सुरू होतो. दुपारी तिच्या भकाळीची (बरगड्यांमागच्या खोलगट कुशीची) हालचाल घड्याळ लावून मोजावी. मिनिटाला ६० च्या वर श्वास म्हणजे ताण, ८० च्या वर म्हणजे काळजीचे. धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, मग रक्ताचा समतोल राखायला मूत्रपिंडे बायकार्बोनेट, म्हणजे सोडा, लघवीतून सोडतात. शिवाय लाळ पोटात जाण्याऐवजी गव्हाणीत गळते. कोठीपोटातली (चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या कप्प्यातली) आम्लता आवरणारा सोडा असा दोन्हीकडून कमी होतो आणि दुधातले फॅट उतरते. घामातून पोटॅशियम जाते ते वेगळेच. ही तूट कुठल्याच जीवनसत्त्वाने भरत नाही.

म्हणून दुभत्या गायीला आधी सावली, वारा आणि दिवसरात्र समोर पाणी. रोज पंधरा लिटर दूध देणाऱ्या गायीला उन्हाळ्यात रोज ८० ते १०० लिटर पाणी सहज लागते, दोन वेळा बादली दाखवून ते भागत नाही. आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) रोज १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा दोन वेळांत विभागून, ५० ते ६० ग्रॅम मीठ आणि चांगले खनिज मिश्रण. सोडा पाण्यात कालवू नये. चवीमुळे गाय पाणीच कमी पिते. पोटॅशियमसाठी खताचा पोटॅश घालण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो मुळीच ऐकू नये.

आता जीवनसत्त्वे. ब गटातली बहुतेक गायीच्या कोठीपोटातले जिवाणूच तयार करतात. क तिचे यकृत बनवते, आणि तोंडावाटे दिलेले क कोठीपोटातच मोडते. कोंबड्यांना उन्हाळ्यात क चा फायदा होतो, म्हणून पोल्ट्रीची पावडर गायीच्या दाण्यात मिसळणे हा निव्वळ खर्च. ब गटातल्याच नायसिनमुळे कातडीकडचा रक्तप्रवाह वाढून अंग थोडे थंड राहते, पण साधे नायसिन बरेचसे कोठीपोटातच संपते. कोठीपोटात मोडू नये म्हणून आवरण दिलेले, म्हणजे संरक्षित, नायसिन रोज १२ ग्रॅम देऊन झालेल्या चाचण्यांतही दूध वाढल्याचे निकाल एकसारखे नाहीत. गोठ्यात पंखे नसताना त्यावर पैसे घालू नयेत.

उरतात अ आणि ई. हिरवा चारा असेल तर अ ची चिंता नाही, कारण त्यातल्या कॅरोटीनपासून गाय ते स्वतः बनवते. एप्रिल-मे मध्ये कडबा, भुसा आणि उसाच्या वाढ्यांवर गोठा चालला की मात्र दोन्ही कमी पडतात. साडेचारशे किलोच्या दुभत्या गायीला रोज साधारण ५० हजार युनिट (आंतरराष्ट्रीय एकक) अ, साडेतेरा हजार युनिट ड आणि ५०० युनिट ई पुरते.

समजा बाटलीवर दर मिलीलिटरला अ १२ हजार युनिट, ड ६ हजार युनिट आणि ई ४८ मिलिग्रॅम लिहिले आहे. कृत्रिम ई चे एक मिलिग्रॅम म्हणजे एक युनिट. ५०० युनिट ई हवे म्हणून रोज दहा मिली पाजले, तर ड जाते ६० हजार, गरजेच्या चौपटीहून जास्त. जास्तीचे ड महिनोन्महिने गेले की कॅल्शियम रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडांत साठतो. त्याऐवजी ५० टक्क्यांची ई पावडर एक ग्रॅम दाण्यात घातली की काम भागते. ई बरोबर सेलेनियम लागते, पण दर किलो कोरड्या आहारात ०.३ मिलिग्रॅम एवढेच. खनिज मिश्रण, टॉनिक आणि वर इंजेक्शन अशा तिन्ही वाटांनी ते देणे धोक्याचे.

साठवण हा आणखी एक घोटाळा. पत्र्याच्या खोलीत उघडी पडलेली पिशवी मे महिन्यात टिकत नाही. तांबे-लोहाचे क्षार आणि ओल यांच्या संगतीत अ आणि ई लवकर नासतात. महिन्याभराचेच आणावे, तोंड घट्ट बांधून गारव्यात ठेवावे, आणि विकत घेताना मुदत संपण्याच्या तारखेपेक्षा उत्पादनाची तारीख आधी पाहावी.

सर्वांत दुर्लक्षित असते ती आटवलेली गाभण गाय. दूध नाही म्हणून तिचे खनिज बंद होते आणि तिला उन्हाच्या कडेला बांधतात. खरे तर ई ची गरज तिचीच जास्त, रोज १००० युनिट. ते मिळाले नाही तर वार अडकणे आणि काससुजी वाढते. आटलेल्या काळात बसलेली उन्हाची झळ पुढच्या वेतातल्या दुधात दिसते, तेव्हा दोष पावसाळ्यातल्या चाऱ्याला दिला जातो. मात्र विण्याआधीचे शेवटचे तीन आठवडे तिला सोडा आणि पोटॅशियम देऊ नये. त्याने दुग्धज्वर, म्हणजे विताना रक्तातले कॅल्शियम घसरून गाय बसण्याचा आजार, ओढवतो. दुभत्या गायींचे आंबोण तसेच्या तसे तिच्यापुढे टाकले की हीच चूक होते.

दूध संघांना विनंती आहे की आपल्या दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीच्या व पिशवीच्या रोजच्या मात्रेत अ, ड, ई आणि सेलेनियम किती जाते, हे मराठीत, दुभत्या आणि आटलेल्या गायीसाठी वेगवेगळे लिहून लावावे. पशुसंवर्धन विभागाने गावोगावच्या शिबिरांत तोच तक्ता वाटावा.

आपला,
एक पशुआहार सल्लागार, पुणे जिल्हा
(नाव व पत्ता संपादकांकडे)