लेहला निघण्याआधी

शहादा
रविवार

प्रिय भूषण,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा दवाखान्यात गर्दी होती, धड बोलता आलं नाही. लेहकडच्या रस्त्याच्या कामावर धडगावची पोरं घेऊन चाललास, आनंद आहे. पण 'फिटनेसचा कागद तेवढा देऊन टाक' हे काही जमायचं नाही, भो. आधी तपासणी.

बीपी, ईसीजी, हिमोग्लोबिन आणि फुंकर मारून करायची फुप्फुसाची चाचणी सगळ्यांची. चाळिशीपुढच्यांची, म्हणजे तुझीही, टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून करायची हृदयाची चाचणी. आपलं तोरणमाळ सुमारे साडेअकराशे मीटर, लेह साडेतीन हजार. ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच, पण हवेचा दाब इथल्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, त्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. त्यात रक्तही कमी असेल तर हृदयाची दमछाक ठरलेली.

मला खरी काळजी सिकलसेलची आहे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांत तो बराच सापडतो, तुला ठाऊकच आहे. आजार असलेल्याला वर नेऊच नकोस. वाहकाचं, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच तो दोष आलेल्याचं, मात्र अवघड असतं. गडी दिवसभर शेतात राबतो, ईसीजी साफ, हिमोग्लोबिन चांगलं, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. उंचीवर ऑक्सिजन घटला की त्याच्याही पेशी वाकून अडकू शकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा तुटतो. डाव्या बरगडीखाली अचानक कळ येते, अन् लोक म्हणतात जेवण बाधलं! २०२३ च्या सरकारी मोहिमेनंतर काहींकडे सिकलसेलचं कार्ड असेल, ते माग. बाकीच्यांची सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची पहिली रक्तचाचणी, करू. पॉझिटिव्ह आला तर एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासणीवरून वाहक की रुग्ण ते कळेल. वाहकाची रोजी तोडावी असं मी म्हणणार नाही, पण त्याला अन् तुला दोघांना ते माहीत हवं.

एवढं करूनही डोंगर कोणाला बाधेल हे कुठलीच मशीन सांगत नाही. धट्टीकट्टी पोरंच पहिल्या दिवशी फावडं उचलतात. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस नुसता आराम. पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आणखी वर जायचं नाही. बसल्याजागी धाप लागली, खोकला सुरू झाला, तर रात्र असली तरी ऑक्सिजन लावून खाली आणा. पूर्वी वर जाऊन कोणाच्या फुप्फुसात पाणी झालं होतं का, तेही विचारून ठेव. त्याला पुन्हा होण्याची भीती जास्त.

बुधवारी सगळ्यांना घेऊन ये. सकाळी बिडी ओढू देऊ नकोस. आणि टीएमटीला बूट घालून ये, चप्पल चालणार नाही.

तुझा,
किशोर